अमेरिकन धर्तीचा रेल्वे लेआउट: आधी गाडीचं काम ठरवा, मग रूळ टाका

अर्धवट सोडलेले मॉडेल रेल्वे लेआउट पाहिले की बहुतेकांची रडकथा एकच निघते. लंबगोल रूळ आधी टाकलेला असतो, ऐपतीबाहेरचं इंजिन आणलेलं असतं, आणि गाडी गोल गोल फिरवून महिन्याभरात कंटाळा आलेला असतो. मग उत्साहाने दोन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, जोडली जातात. त्यांत डबे मावत नाहीत, किंवा मावले तरी इंजिन त्यांच्यामागे अडकतं. शेवटी सगळं माळ्यावर जातं.

अमेरिकन मालगाडीची मजा वेगात नसते. पाच डब्यांची गाडी एखाद्या गावात येते, भरलेले डबे उचलते, रिकामे जागेवर लावते आणि परत जाते. हे काम लेआउटवर नीट व्हायचं असेल तर रुळांचा नकाशा सर्वांत शेवटी काढायचा, कारण त्याची मापं गाडीच्या कामातूनच मिळतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि क्रम मोडू नये ही विनंती. प्रत्येक तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही.

उदाहरण म्हणून एकच लेआउट घेतो: भिंतीलगतची २४० × ४५ सेंटिमीटरची फळी आणि डावीकडे तिला जोडलेली १२० सेंटिमीटरची साधी पट्टी. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधल्या एका भिंतीवर हे बसतं. न्यू जर्सीतल्या तळघरात तर बसेलच.

## टप्पा १: कंपनी, प्रदेश आणि वर्ष पक्कं करा

‘अमेरिकन गाड्या’ एवढ्यावर काम भागत नाही. आपल्या उदाहरणात १९७३ साल, नेब्रास्का राज्य आणि बर्लिंग्टन नॉर्दर्न कंपनीची एक धान्याची शाखा-लाइन आहे. गाव काल्पनिक चालेल, पण कंपनी आणि वर्ष खरंच हवं.

हेच वर्ष घेण्यामागे हिशोब आहे. बर्लिंग्टन नॉर्दर्न २ मार्च १९७० रोजी चार कंपन्यांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. त्यामुळे १९७३ मध्ये नव्या हिरव्या रंगाच्या इंजिनांसोबत जुन्या बर्लिंग्टन, ग्रेट नॉर्दर्न आणि नॉर्दर्न पॅसिफिकच्या रंगांतले डबे सर्रास दिसत. म्हणजे संग्रहात थोडी सरमिसळ झाली तरी ती खरीच वाटते. शेवटी कबूस, म्हणजे गार्डचा डबा, लागतोच. शाखेवर जीपी-७ किंवा जीपी-९ सारखं चार आसांचं मध्यम इंजिन पुरतं, आणि लहान इंजिन म्हणजे कमी जागा.

इथल्या नेहमीच्या चुका:

- १९७३ च्या लेआउटवर भगवं बीएनएसएफ इंजिन आणणं. ती कंपनी १९९० च्या दशकाच्या मध्यातली. एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्याही १९८० नंतरच्या.
- नव्या बॉक्सकारच्या, म्हणजे चारी बाजूंनी बंद मालडब्याच्या, छतावर चालण्याची फळी असणं. १९६६ पासून बांधलेल्या बॉक्सकारवर ती बसवणं बंद झालं. जुन्या डब्यांवर ती पुढे काही वर्षं टिकली, त्यामुळे जुना डबा असेल तर हरकत नाही.
- भारतात विशेष दिसणारी चूक म्हणजे स्केलची गल्लत. अमेरिकन मॉडेलं बहुतेक एच-ओ स्केलची, म्हणजे १:८७. ब्रिटिश मॉडेलं डबल-ओ, म्हणजे १:७६. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावर धावतात, म्हणून दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणतो. चालतं खरं, पण ब्रिटिश स्टेशनाशेजारी अमेरिकन इंजिन खुजं दिसतं आणि दोघांचे कप्लर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, एकमेकांत अडकत नाहीत.

जागा फारच कमी असेल तर एन स्केल घ्या: १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचा. खालची सगळी मापं साधारण निम्म्याच्या किंचित वर येतील. शंटिंग, म्हणजे डब्यांची जोड-तोड, शिकायला मात्र एच-ओ बरं. डबे वजनदार असतात आणि कप्लर हाताळता येतात.

तपासणी: एका कागदावर चार ओळी लिहा. कंपनी, वर्ष, गावात कोणकोणते व्यवसाय आहेत, आणि प्रत्येकाकडे कोणता माल येतो-जातो. आपल्या गावात धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवून डब्यांत भरणारं उंच कोठार, आहे. तिथे रिकामे कव्हर्ड हॉपर, म्हणजे तळातून रिकामे होणारे झाकलेले डबे, येतात आणि भरून जातात. दुसऱ्या रुळावर लाकडाची वखार आणि खताचं गोदाम. तिथे बॉक्सकारमधून लाकूड आणि हॉपरमधून खत येतं. या चार ओळी सुचत नसतील तर अजून रूळ विकत घेऊ नका.

## टप्पा २: सेंटिमीटरचा हिशोब

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लेआउट इथेच फसतात, आणि ते फसलेत हे कळतं सहा महिन्यांनी.

एच-ओ मध्ये खऱ्या एका फुटाचे ३.५ मिलिमीटर होतात. जीपी-९ इंजिन सुमारे ५६ फुटांचं, म्हणजे २० सेंटिमीटर. ५० फुटी बॉक्सकार साडेसतरा, हॉपर थोडा जास्त. कप्लरसकट प्रत्येक डब्याला सरसकट २० धरा. कबूसला १३.

गाडी ठरवू: इंजिन, चार डबे, कबूस. २० + ८० + १३ = ११३ सेंटिमीटर. डावीकडची १२० ची पट्टी म्हणजे ‘बाहेरचं जग’, जिथून गाडी येते आणि जिथे परत जाते. तिच्यावर ही गाडी जेमतेम मावते. पाचवा डबा जोडायचा मोह आवरा.

आता गाव. इथे मुख्य रुळाला समांतर एक बायपास रूळ लागतो, कारण इंजिनाला गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाता आलं पाहिजे. दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा. अमेरिकन सांधे नंबराने ओळखतात. नंबर ६ म्हणजे सहा एकक पुढे जाताना एक एकक बाजूला. नंबर ६ वापरा. नंबर ४ जागा वाचवतो, पण लांब हॉपर त्यावर कुरकुरतात.

सांध्याच्या टोकापासून फाउलिंग मार्कपर्यंत, म्हणजे शेजारच्या रुळावरचा डबा घासणार नाही अशा जागेपर्यंत, सुमारे ४० सेंटिमीटर जातात. समांतर रुळांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५ सेंटिमीटर. हा चाळीसचा आकडा हातातल्या सांध्यावर दोन डबे ठेवून पक्का करा. कंपनीगणिक तो बदलतो.

डाव्या कडेपासून मापं अशी बसतात:

१. ० ते ४०: डावा सांधा.
२. ४० ते १३५: मोकळी लांबी, ९५ सेंटिमीटर. चार डबे आणि कबूस मिळून ९३.
३. १३५ ते १७५: उजवा सांधा.
४. १७५ ते २४०: शेपटी, ६५ सेंटिमीटर. इंजिन आणि दोन डबे मिळून ६०.

बेरीज बरोबर २४० येते. बहुतेक नकाशांत दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे मोकळ्या लांबीत कबूस धरलेला नसतो. दुसरी म्हणजे शेपटी फक्त इंजिनापुरती ठेवलेली असते, मग इंजिन डब्यांसकट सांध्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही.

आता उद्योगांचे रूळ. दोन प्रकारचे हवेत. गाडी डावीकडून येते. ज्या सांध्याची फाटणारी बाजू मागे, डावीकडे वळते, तिथे इंजिन पुढे जाऊन डबे मागे ढकलतं. हा सोपा रूळ. एलिव्हेटरचा रूळ असा ठेवा: बायपासवरून फळीच्या पुढच्या कडेकडे फुटणारा, सांध्याचं टोक १३५ वर, म्हणजे उजव्या सांध्याच्या फाउलिंग मार्कला लागून. त्या जागेमागे कारण आहे. एलिव्हेटरमधून चार डबे एकदम ओढायचे झाले तर इंजिनासकट १०० सेंटिमीटर लागतात, आणि १३५ पासून उजव्या कडेपर्यंत १०५ आहेत.

दुसरा रूळ उलटा: मुख्य रुळावरून, डाव्या सांध्याच्या फाउलिंग मार्कनंतर लगेच, मागच्या बाजूला आणि उजवीकडे जाणारा. इथे डबे लावायला इंजिनाला आधी गाडीच्या डाव्या टोकाला यावं लागतं. वखार आणि खत इथे. दोन डब्यांची जागा ठेवा. दोन्ही रूळ सोपे ठेवले तर खेळ पाच मिनिटांत संपतो. दोन्ही उलटे ठेवले तर माणूस वैतागतो.

तपासणी: रूळ घेण्याआधी सांध्यांच्या छापील आकृत्या पूर्ण मापात फळीवर चिकटवा, इंजिन-डब्यांच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा आणि टप्पा ८ मधली संपूर्ण कामगिरी त्या पट्ट्या सरकवत करून पाहा. एखादी पट्टी फाउलिंग मार्कच्या बाहेर राहिली तर नकाशा बदला. पुठ्ठा स्वस्त आहे.

## टप्पा ३: फळी

साध्या कमर्शियल प्लायऐवजी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाचा १२ मिलिमीटर प्लाय घ्या, खाली १८ मिलिमीटरच्या प्लायच्या सात-आठ सेंटिमीटर उंच पट्ट्यांची चौकट. कोकणात किंवा मुंबईत असाल तर दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा रंगाचे दोन हात देऊन बंद करा. पावसाळ्यात रूळ वाकडे होतात तेव्हा लोक धातूला दोष देतात. बहुतेक वेळा फुगलेलं असतं लाकूड.

फळी दोन तुकड्यांत करायची असेल तर मधोमध, १२० वर, तोडू नका. एलिव्हेटरचा सांधा १०५ ते १३५ मध्ये आहे, तो बरोबर फटीवर येईल. १४० आणि १०० असे तुकडे करा. १४० वर फक्त दोन सरळ रूळ ओलांडतात.

उंची छातीपर्यंत, साधारण १२० सेंटिमीटर. टेबलाच्या उंचीवरून डब्यांची फक्त छतं दिसतात.

सावध: चौकटीच्या आडव्या पट्ट्या कोणत्याही सांध्याच्या हलत्या जिभांखाली येऊ देऊ नका. तिथे खालून तार, स्विच किंवा मोटर बसवायची असते, आणि करवत चालवायची वेळ रूळ चिकटवल्यावर येते.

तपासणी: स्पिरिट लेव्हल लांबीला आणि रुंदीला फिरवा. धातूची चाकं असलेला चांगला डबा एक टक्का उतारावरही आपोआप घरंगळतो, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटरचा फरकही पुरतो. शंटिंगच्या लेआउटवर उतार शून्य पाहिजे.

## टप्पा ४: रूळ आणि सांधे

१. छापील आकृतीवरून मध्यरेषा फळीवर उतरवा. फाउलिंग मार्क आणि सांध्यांची टोकं ठळक खुणा करून ठेवा.
२. रुळांखाली ५ मिलिमीटर कॉर्क. उद्योगांच्या रुळांखाली पातळ कॉर्क घेतलं तर ते खऱ्यासारखे थोडे खाली दिसतात, पण मधला उतार लांब आणि सावकाश हवा. पहिल्या लेआउटला सगळं एकाच उंचीवर ठेवलेलं बरं.
३. सांधे आधी बसवा, मधला रूळ त्यांच्या मापाने कापा. उलटं केलं की शेवटचा तुकडा ओढून-ताणून बसवावा लागतो आणि गाडी नेमकी तिथे घसरते.
४. चिकटवायला अ‍ॅक्रिलिक सीलंटचा अगदी पातळ थर, पुटीच्या पात्याने पसरवलेला. सांध्याच्या जिभांखाली काहीही लावायचं नाही.
५. कापलेल्या रुळाच्या टोकाची आतली वरची कड बारीक कानसीने हलकी मोडा. नखाला जी धार लागते ती चाकालाही लागते.

रुळाची उंची ‘कोड’मध्ये सांगतात: कोड ८३ म्हणजे ०.०८३ इंच. अमेरिकन मुख्य मार्गाला हा शोभतो. कोड १०० मजबूत पण जाडजूड दिसतो. एकाच लेआउटवर दोन्ही वापरले तर जोडणीसाठी वेगळा तुकडा लागतो. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

नकाशात वळण असेल तर त्रिज्या किती ठेवू, हा प्रश्न हमखास येतो. तयार संचांत १८ इंच मिळते, आणि चार आसांचं इंजिन ती घेतंही. पण शंटिंग करताना कप्लर वळणावर जुळत नाहीत. २४ इंचांच्या खाली जाऊ नका आणि डबे जोडायची-सोडायची जागा कायम सरळ रुळावर ठेवा.

तपासणी: अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा, म्हणजे एनएमआरएचा, एच-ओ गेज नावाचा धातूचा छोटा पत्रा मिळतो. चाकांमधलं अंतर, रुळांमधलं अंतर, सांध्यातल्या फटी, सगळं त्यावर तपासता येतं. तो नसेल तर मागवा आणि येईपर्यंत थांबा. मग हाताने एकच डबा प्रत्येक सांध्यावरून दोन्ही दिशांना, दोन्ही मार्गांनी ढकला. बोटांना टक्कर जाणवली तर तिथे खूण करा.

## टप्पा ५: वायरिंग

एकच इंजिन असेल तर साधा डीसी कंट्रोलर पुरतो. पण वायरिंग पहिल्यापासून डीसीसीला, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीला, चालेल असं करा. नंतर फळीखाली उताणं पडून पुन्हा सगळं करणं कुणालाच आवडत नाही.

१. फळीखाली लांबीभर दोन जाड तारा, लाल आणि काळी. भारतात घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तार सहज मिळते, ती उत्तम.
२. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक तार, ०.५ चौरस मिलिमीटर, वरून खाली. जोडपट्ट्यांमधून वीज जाईल या भरवशावर राहू नका. वर्षभर जाते, मग एका दमट दिवशी जायची बंद होते.
३. रुळांच्या प्रत्येक जोडीत लाल तार नेहमी मागच्या रुळाला, काळी पुढच्या. अपवाद नाही.
४. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग म्हणजे फ्रॉग. धातूचा, वीज असलेला फ्रॉग घ्या. सांधा फिरला की फ्रॉगची पोलॅरिटीही बदलावी लागते. जिभा हलवणारा एक साधा स्लाइड स्विचच दोन्ही कामं करतो, आणि एवढ्याशा लेआउटवर मोटरपेक्षा तो बराही: खऱ्या शाखेवर ब्रेकमन खाली उतरून हातानेच सांधा फिरवायचा.
५. सांध्याच्या फ्रॉगपलीकडच्या दोन आतल्या रुळांना प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या. इथे धातूची राहिली की शॉर्ट.

डाग देताना (सोल्डरिंग करताना) रोझिन फ्लक्सच वापरा. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स रूळ आणि तार दोन्ही खातो. डाग रुळाच्या बाहेरच्या बाजूला द्या, आत चाकाची कड फिरते.

सावध: अमेरिकेतून आणलेल्या कंट्रोलरच्या अडॅप्टरवर ‘इनपुट’च्या पुढे काय छापलंय ते वाचा. १००–२४० व्होल्ट असेल तर पिनचा जोड पुरतो. नुसतं १२० व्होल्ट असेल तर भारतातल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच क्षणी जळेल. योग्य व्होल्ट आणि अँपिअरचा इथला अडॅप्टर घ्या.

तपासणी: प्रत्येक तार जोडली की मल्टिमीटरने लाल-काळ्यामध्ये शॉर्ट नाही हे पाहा. दहा तारा जोडून मग तपासलं तर चूक दहांपैकी कुठेही असू शकते. सगळं झाल्यावर नाण्याची चाचणी: डीसीसी सुरू ठेवून रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर नाणं आडवं टेकवा. यंत्रणा लगेच बंद पडली पाहिजे. एखाद्या जागी ती बंद पडत नसेल तर तिथली तार कमजोर आहे, आणि खरा शॉर्ट झाला तर तिथेच चाकं तापतील.

डीसीसी इंजिनांचा पत्ता कारखान्यातून ३ असतो. तो बदलून इंजिनावर रंगवलेला नंबरच पत्ता म्हणून द्या. हे काम वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर करा, नाहीतर लेआउटवरची सगळी इंजिनं तोच पत्ता घेतील. सीव्ही म्हणजे इंजिनात साठवलेल्या, क्रमांक दिलेल्या सेटिंग. सीव्ही ३ आणि ४ मध्ये थोडी किंमत टाका म्हणजे इंजिन झटक्याने निघणार-थांबणार नाही. सीव्ही ५ ने कमाल वेग बांधा; कितीवर, ते टप्पा ८ मध्ये.

## टप्पा ६: डबे कामाला लावणं

नवा डबा खोक्यातून काढून सरळ रुळावर ठेवायचा नाही. प्रत्येकाची हजेरी याच क्रमाने घ्या:

१. चाकं. प्लॅस्टिकची काढून धातूची. ७० टनी आणि त्याखालच्या डब्यांना ३३ इंची, १०० टनी हॉपरना ३६ इंची, अर्थात स्केलमध्ये. गेजवर प्रत्येक आस तपासा.
२. बोगी. एक बोगी अशी कसा की ती फिरेल पण डुलणार नाही. दुसरी थोडी सैल ठेवा. दोन्ही घट्ट कसल्या तर डबा खुर्चीच्या आखूड पायासारखा एक चाक उचलून धरतो.
३. कप्लर. केडी कंपनीचा नंबर ५ किंवा त्याच्या जातीचा धातूचा कप्लर, आणि त्याच कंपनीचं उंचीचं गेज, नंबर २०५. कप्लर गेजशी तंतोतंत जुळलं पाहिजे. ‘जवळपास’ असलेले दोन डबे फळीच्या किंचित चढावर एकमेकांना सोडतात.
४. कप्लरखालची वाकडी तार. ती रुळाच्या माथ्याच्या खाली आली असेल तर सांध्यात अडकून डबा उलटवते. वर वाकवा. चुंबकाने डबे सोडणार नसाल तर कापून टाका.
५. वजन. एनएमआरएची शिफारस एच-ओसाठी १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ग्रॅममध्ये २८ अधिक इंचाला १४. सात इंची बॉक्सकार सुमारे १२६ ग्रॅमचा हवा. कमी पडेल तर आत लोखंडी वायसर चिकटवा, शक्य तितके खाली.

कप्लरला तेल लावू नका, धूळ धरतं. शिसपेन्सिलीची बारीक पूड पुरते.

तपासणी: पूर्ण गाडी जोडा आणि इंजिनाने मागे ढकलत सर्व सांध्यांवरून न्या. ओढताना सगळेच डबे शहाणे असतात. ढकलताना जो उतरतो त्याला बाजूला काढा आणि वरची यादी पुन्हा.

## टप्पा ७: खडी, पण आता

खडी टाकायची घाई सगळ्यांना असते, कारण खडीने लेआउट लेआउट दिसतो. तरीही ती टप्पा ६ पार पडून थोडे दिवस गाडी चालवल्यावरच. खडीखाली गेलेला रूळ सरकवता येत नाही.

कोरडी खडी पसरा, मऊ कुंचल्याने स्लीपरच्या माथ्यांवरून झाडा, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने फवारून भिजवा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन-चार भाग पाणी ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या जिभांजवळ खडी अगदी विरळ आणि गोंद नाहीच. गोंद वाळेपर्यंत दर अर्ध्या तासाने सांधे हलवत राहा.

मुख्य रुळाला स्वच्छ खडी. एलिव्हेटरच्या रुळावर माती, सांडलेलं धान्य, गवत. शाखेवर एवढाच फरक डोळ्यांना पुरतो.

सावध: महाराष्ट्रात नदीची किंवा रस्त्याकडेची बारीक वाळू चाळून वापरणार असाल तर आधी कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवा. आपल्या काळ्या दगडाच्या वाळूत लोहचुंबकीय कण भरपूर असतात. ते उडून थेट इंजिनाच्या मोटरमध्ये जातात.

## टप्पा ८: गाडी चालवणं

पहिली गोष्ट वेग. एच-ओमध्ये ताशी १० मैल म्हणजे एक मीटर अंतराला साडेएकोणीस सेकंद. डबा जोडताना ताशी ४ मैल, म्हणजे मीटरला सुमारे ४९ सेकंद. घड्याळ लावून एकदा करून पाहा. बहुतेकांना इंजिन बंद पडल्याचा भास होतो. सीव्ही ५ असा लावा की पूर्ण वेगातही मीटरला साडेसहा सेकंद लागतील, ते झाले ताशी ३० मैल. या शाखेला तेवढा वेग पुष्कळ.

आता कामगिरी. गाडी पट्टीवर तयार: इंजिन, एलिव्हेटरसाठी दोन रिकामे हॉपर, लाकडाची बॉक्सकार, खताचा हॉपर, कबूस. डब्यांचा हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. आधी लागणारे डबे इंजिनाजवळ. एलिव्हेटरवर दोन भरलेले हॉपर उभे आहेत.

१. गाडी मुख्य रुळावर घ्या. रिकाम्या हॉपरांच्या मागे गाडी तोडा. मागे राहिलेले तीन डबे दोन्ही फाउलिंग मार्कच्या आत, डावीकडे सरकवून उभे असले पाहिजेत.
२. इंजिन दोन रिकाम्यांसह शेपटीवर. उजवा सांधा बायपासला. मागे ढकलत एलिव्हेटरच्या रुळावर जा, भरलेल्यांना जोडा, चारही बाहेर ओढा.
३. एलिव्हेटरचा सांधा सरळ करा, भरलेले दोन बायपासवर ढकलून सोडा. रिकाम्यांसह परत सांध्यापलीकडे या, सांधा फिरवा, रिकामे एलिव्हेटरखाली लावा, सोडा.
४. एकटं इंजिन बायपासवर जाऊन भरलेले दोन घेतं, शेपटीवर येतं, आणि मुख्य रुळावर उभ्या डब्यांना मागे जोडतं. मुख्य रुळावर आता बरोबर ९३ सेंटिमीटर डबे आहेत.
५. इंजिन सोडा, बायपासने फिरून डाव्या टोकाला. कबूस जोडून डावीकडे ओढा आणि बायपासवर नेऊन ठेवा.
६. परत मुख्य रुळावर. खताचा हॉपर जोडा, बॉक्सकारच्या मागे तोडा, दोन्ही डावीकडे ओढा, वखारीचा सांधा फिरवा, दोन्ही आत ढकला. बॉक्सकार आत, हॉपर अलीकडे.
७. भरलेले दोन हॉपर घ्या, डाव्या सांध्यापलीकडे ओढा, बायपासवर मागे जाऊन कबूस जोडा. गाडी परतीला तयार: इंजिन, दोन भरलेले, कबूस.

प्रत्येक जोडणीनंतर अर्धा मिनिट थांबा. खऱ्या गाडीत तेवढ्यात हवेचे पाइप जोडले जातात, ब्रेकची हवा भरते. डबा सोडतानाही थांबा. ब्रेकमन हँडब्रेक कसत असतो. हे थांबणं गाळणारे लोक वीस मिनिटांत संपवतात आणि लेआउट लहान पडला म्हणतात.

भोंगा असेल तर नियमाने वाजवा: निघताना दोन लांब, थांबलेल्या गाडीला मागे घेताना तीन आखूड, रस्त्याच्या फाटकाला दोन लांब, एक आखूड, एक लांब. डबे सोडायला बांबूची बारीक काडी कप्लरमध्ये घालून फिरवायची. गाडी हाताने उचलायची नाही, कधीच.

नेहमीच्या चुका दोन. पायरी ३ मध्ये भरलेले डबे बायपासवर ठेवून तिथेच विसरणं. मग इंजिनाला फिरायला रस्ता उरत नाही. आणि पायरी ५ मध्ये कबूस आधी बाजूला न काढणं. तो वखारीत गेला की निम्मं काम पुन्हा.

## टप्पा ९: डब्यांचे कागद

कोणता डबा कुठे, हे मनात ठरवत गेलात तर चौथ्या वेळेला सगळं सारखंच वाटू लागतं. म्हणून प्रत्येक डब्याचं एक कार्ड करा: कंपनीची अक्षरं, नंबर, प्रकार. कार्डाला खाली खिसा. खिशात एक चिठ्ठी, तिच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या-खालच्या टोकांवर मिळून चार मुक्काम. उदाहरणार्थ हॉपरच्या चिठ्ठीवर: १. रिकामा, एलिव्हेटरला. २. गहू भरून, पट्टीमार्गे बाहेर. ३. रिकामा, पुन्हा एलिव्हेटरला. ४. मका भरून, बाहेर. खेळ संपला की ज्याचं काम झालं त्याची चिठ्ठी पुढच्या मुक्कामावर फिरवा. वखारीच्या बॉक्सकारची दर वेळी फिरवू नका. लाकूड उतरायला वेळ लागतो, त्याला एक फेरी उभा राहू द्या.

चिठ्ठ्यांची लांबी वेगवेगळी ठेवा, काही दोन मुक्कामांच्या, काही चारच्या. मग डब्यांचे मेळ आपोआप बदलत राहतात.

खेळात जो डबा रुळावरून उतरला किंवा सुटला, त्याच्या कार्डावर लाल चिठ्ठी लावा. अमेरिकन यार्डात अशा डब्याला ‘बॅड ऑर्डर’ म्हणतात. तो पट्टीवर जातो, आणि टप्पा ६ ची यादी पार होईपर्यंत गाडीला लागत नाही. तोच सांधा तीन वेगळ्या डब्यांच्या लाल चिठ्ठ्यांवर आला तर दोष डब्यांचा नाही. गेज घेऊन टप्पा ४ ला परत जा.